आंबटाचा व्यापार : मेसिना ते मोर्शी

लिंबाच्या आम्लाचा धंदा शंभर वर्षे चालला तो चांगल्या लिंबांवर नाही. चांगले लिंबू कागदात गुंडाळून पेटीत बसे आणि जहाजाने लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाई. आम्ल निघे ते वाऱ्याने पडलेल्या, सालीवर डाग पडलेल्या, आकाराने बारकी राहिलेल्या फळांमधून. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आणि समोरचा कालाब्रिया, तिथल्या मेसिना आणि पालेर्मो या बंदरांच्या मागे हा सगळा मुलूख पसरलेला होता. बाजाराने नाकारलेले फळ वाया जाऊ द्यायचे नाही, ही तिथल्या बागायतदाराची रीत होती आणि त्या रीतीवर साऱ्या युरोपचा सायट्रिक ॲसिडचा व्यवहार उभा होता.

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर इथल्या संत्रा उत्पादकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की आपल्याकडे नाकारलेल्या फळाला पुढची वाटच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की झाडाखाली सडा पडतो. पावसाची झड लागली, वाफशाचा ताळमेळ बिघडला, देठाला बुरशी लागली किंवा रसशोषक पतंगाने फळाला भोक पाडले की फळ पिवळे पडून गळते. जे झाडावर टिकते त्यातलेही सगळे विकत नाही. तोडणीनंतर मंडीत प्रतवारी होते, मोठा माल वेगळा निघतो आणि खाली उरते ती चुरी. या बारक्या फळाचा भाव अनेकदा तोडणीची मजुरी आणि वाहतूकही भरून काढत नाही. मग माल बांधावर टाकला जातो. आठवडाभरात तिथे हिरवी-निळी बुरशी चढते आणि वास सुटतो.

त्या बुरशीकडे कोणी धंदा म्हणून पाहत नाही. पण ज्या प्रसंगाने सिसिलीच्या बागायतदाराचा आम्लाचा व्यापार काढून घेतला, तो प्रसंग एका बुरशीनेच घडवला. वऱ्हाडाने तो इतिहास नीट वाचायला हवा. त्यात आपल्या चुरीचे काय करावे याचे उत्तर आहे आणि काय करू नये याचेही.

आम्ल फळातून वेगळे काढण्याची युक्ती कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याची. 1784 साली त्याने लिंबाच्या रसात खडूची पूड टाकली. रसातले आम्ल खडूतल्या चुन्याशी बांधले गेले आणि पांढरा साका खाली बसला, तो म्हणजे कॅल्शियम सायट्रेट. हा साका धुऊन त्यावर गंधकाम्ल टाकले की चुना जिप्सम होऊन बाजूला होतो आणि शुद्ध आम्ल पाण्यात उतरते. ते आटवले की स्फटिक मिळतात. पुढची सव्वाशे वर्षे उद्योगाने याच पायऱ्या वापरल्या. 1826 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या स्टर्ज बंधूंनी त्यावर कारखाना चालवला. औषधे, सरबते, फसफसणारी पेये आणि कापडावरची छपाई या सगळ्यांना हे आम्ल लागे.

सिसिलीत काम दोन टप्प्यांत होई. आधी सालीतले तेल काढायचे. लिंबाची साल स्पंजवर दाबून तेल टिपायची तिथली जुनी हातोटी होती. मग गर पिळून रस काढायचा. काही जण तो रस तांब्याच्या कढईत आटवून दाट काळपट काढा करत आणि पिपांत भरून विकत. पुढे खडूचा मार्ग रूढ झाला. वाळवलेले सायट्रेट पिपांत भरून इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेला रवाना होई आणि शुद्ध आम्ल तिकडच्या कारखान्यात निघे. हिशेब साधा आहे. टनभर लिंबातून तिसरा हिस्सा रस धरला आणि त्या रसात सहा टक्के आम्ल, तर हाती येते वीस किलो. म्हणजे टनभर आम्लासाठी पन्नास टन लिंबू. तरीही धंदा परवडत असे, कारण लिंबू टाकाऊ होते, तेलाचे पैसे वेगळे मिळत आणि मुख्य म्हणजे सायट्रेट नासत नसे. बाग जिथे आहे तिथेच नाशवंत फळाचे टिकाऊ मालात रूपांतर होत होते. भाव पडला तर पीप कोठारात थांबे. आपल्या संत्र्याला जी सवड कधीच मिळाली नाही, ती त्या लिंबाला मिळाली होती.

भाव सांभाळण्यासाठी 1908 साली इटलीच्या सरकारने मेसिनात लिंबूवर्गीय मालाचे एक मंडळ कायद्याने स्थापन केले. सायट्रेट या मंडळाकडे जमा व्हायचे आणि त्याच्यामार्फत विकले जायचे. आपल्याकडच्या एकाधिकार कापूस खरेदीची आठवण असलेल्यांना ही रचना समजायला वेळ लागणार नाही. त्याच वर्षी 28 डिसेंबरच्या पहाटे भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त केले आणि हजारो माणसे गाडली गेली. त्यातूनही व्यापार सावरला. पुढे जो घाव बसला तो मात्र सावरण्यासारखा नव्हता, आणि तो एका प्रयोगशाळेतून आला.

जर्मनीत हॅनोव्हरला कार्ल वेमर नावाचा संशोधक बुरश्यांचा अभ्यास करत होता. 1893 साली त्याने दाखवून दिले की साखरेच्या पाण्यावर वाढणाऱ्या काही हिरव्या बुरश्या सायट्रिक आम्ल तयार करतात. तोवर हे आम्ल फळांचेच अशी समजूत होती. वेमरने या बुरश्यांना सिट्रोमायसिस असे नाव दिले. आज त्या पेनिसिलियम कुळात गणल्या जातात. त्याच्या पद्धतीवर अल्सासमधल्या थान इथे कारखानाही काढला गेला, पण तो अनेक वर्षांच्या धडपडीनंतर गुंडाळावा लागला. बुरशी आम्ल सोडे, ते साचून तिची वाढ खुंटेल या भीतीने खडू टाकून ते मारले जाई, आणि आंबटपणा गेलेल्या त्या गोड पाण्यात नको ते जिवाणू आणि दुसऱ्या बुरश्या घुसत. आठवड्यांची मेहनत नासत असे.

हा गुंता सोडवला जेम्स करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने. तो अमेरिकेच्या कृषी खात्यात दुग्धविभागात होता आणि निळ्या बुरशीच्या चीजवर काम करत होता. तिथेच चार्ल्स थॉम हा बुरश्यांचा मोठा जाणकार त्याच्याबरोबर होता. दोघांनी काळ्या बुरशीचे, म्हणजे ॲस्परजिलस नायजरचे, कितीतरी वाण तपासले. ही बुरशी प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात हजेरी लावून जाते. कांद्याची सुकी साल सोलली की खाली जी काळी भुकटी बोटाला लागते, ती बहुतेक वेळा हीच. करीने 1917 साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. या विषयाचा पाया म्हणून तो आजही वाचला जातो.

त्याने जे केले ते वेमरच्या नेमके उलट होते. आम्ल मारायचे नाही, उलट सुरुवातीपासून पाणी आंबट ठेवायचे. लिटरभर पाण्यात 125 ते 150 ग्रॅम साखर, दोन-अडीच ग्रॅम अमोनियम नायट्रेट, ग्रॅमभर पोटॅशियम फॉस्फेट, पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि आंबटपणासाठी थोडे मिठाचे आम्ल, एवढाच त्याचा मसाला. संत्र्याला खत देणाऱ्या माणसाला यातली नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही चारही नावे पाठ आहेत. त्यांचे प्रमाण मात्र पाहण्यासारखे आहे. साखर भरमसाट आणि बाकी सगळे हात आखडून. इतक्या आंबट पाण्यात जिवाणू तग धरत नाहीत. काळी बुरशी धरते, पण तिला अंग वाढवायला नत्र पुरत नाही. पुढे खाल्लेली साखर ती पूर्ण जाळू शकत नाही, अर्ध्या वाटेवर सायट्रिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. आठ-दहा दिवसांत पाण्यावर जाडसर पांढरी सुरकुतलेली साय धरते. साय जितकी बेताची, तितके आम्ल जास्त. जिवाला खायला भरपूर आणि वाढायला बंदी, या एका युक्तीवर जगाचा आजचा सायट्रिक ॲसिड उद्योग चालतो.

पुढच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट कळली. लोह, जस्त आणि विशेषतः मँगनीज यांचा अंशही वाढला तर बुरशी आम्ल सोडून अंगानेच वाढू लागते. मँगनीज तर लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात नको असते. फळाचा रस वापरणाऱ्याला पुढे हा मुद्दा नडतो.

करी 1917 च्या सुमारास ब्रुकलिनच्या फायझर कंपनीत गेला. आज औषधांसाठी ओळखली जाणारी ही कंपनी 1849 साली जर्मनीतून आलेल्या दोघा नातेवाइकांनी काढली होती आणि 1880 पासून इटलीहून आणलेल्या सायट्रेटपासून आम्ल बनवण्यात तिने नाव कमावले होते. पहिल्या महायुद्धात इटलीचा माल अडला, भाव चढले आणि कंपनीला दुसरा रस्ता शोधणे भाग पडले. बंद खोल्यांत मांडणीवर उथळ ताटे ठेवून, त्यांत साखरेचे पाणी भरून, निर्जंतुक हवा सोडून काळ्या बुरशीची शेती सुरू झाली. सोळा वर्षांचा जॅस्पर केन हा मुलगा तिथे करीचा मदतनीस म्हणून लागला. 1923 पर्यंत व्यापारी उत्पादन निघाले. दशकाच्या अखेरीस शुद्ध साखरेच्या जागी मळी वापरण्याचीही तोड निघाली. त्यानंतर लिंबाला टिकाव धरता आला नाही. बेल्जियममध्ये आणि पुढे इंग्लंडमध्येही असेच कारखाने निघाले, सायट्रेटची मागणी कोसळली आणि 1930 च्या दशकात जगाचे बहुतेक सायट्रिक ॲसिड बुरशीकडून येऊ लागले.

मेसिनाच्या मंडळाने भाव राखला, साठा राखला. बुरशीचे काम मात्र त्यांनी आपल्या घरी सुरू केले नाही. फळ त्यांच्याकडे होते, बाजार त्यांच्याकडे होता, आणि ज्ञान हॅनोव्हर, वॉशिंग्टन आणि ब्रुकलिनमध्ये वाढत राहिले. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट. संत्र्याच्या भावासाठी आपण दरवर्षी जितका आवाज उठवतो, त्याचा दहावा हिस्साही संत्र्यावरच्या प्रयोगशाळेसाठी उठवत नाही.

ज्या टाकाऊ फळाला या बुरश्यांनी बाजारातून हटवले, त्याच टाकाऊ फळावर पुढच्या बुरश्या सापडत गेल्या, हेही इथे सांगायला हवे. जपानमध्ये किनोशिता या संशोधकाला 1931 च्या सुमारास मीठ लावून वाळवलेल्या आलुबुखारासारख्या फळावर एक बुरशी मिळाली. ती इटाकोनिक आम्ल तयार करत होती. आज रेझिन आणि लॅटेक्सच्या उद्योगाला लागणारे हे आम्ल ॲस्परजिलस टेरियस या तिच्या भाऊबंदाकडून काढले जाते. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे उत्पादन वाढवायला जो वाण कामी आला, तो अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारातल्या नासलेल्या खरबुजावर सापडला होता. ते पेनिसिलिन खोल टाकीत पिकवण्याचे धाडस ज्यांनी केले त्यांच्यात जॅस्पर केन होता. आम्लाच्या ताटांवर वीस वर्षे घालवलेल्या माणसाला बुरशीला हवा किती आणि कशी द्यावी हे कळत होते.

आता वऱ्हाडाकडे वळतो. ज्या वर्षांत वेमर आणि करी बुरशी पाहत होते, त्या वर्षांत अमरावती-अकोल्याचे सारे लक्ष कापसावर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 नंतर आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आणले. 1867 साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. संत्रा आला तो याच काळाच्या मागोमाग. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून कलमे आणली असे परंपरेने सांगतात. तिथून सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीवाल्या काळ्या जमिनीत, वर्धा नदीच्या अंगाने, तो मोर्शी-वरूडमध्ये असा रुजला की आज विदर्भातल्या संत्र्याचा सर्वांत मोठा वाटा एकट्या अमरावती जिल्ह्याचा आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचा, आंबिया किंवा मृग बहारासाठी ताण द्यायचा, डिंक्याशी आणि काळ्या माशीच्या कोळशीशी झगडायचे, हे ज्ञान इथल्या घराघरांत आहे. नरखेड-बडनेरा मार्गावरच्या एका स्टेशनाचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ आहे.

संशोधन आले ते बरेच नंतर. पापळ गावात जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्याच्या मुलांसाठी शाळा-कॉलेजे उघडली, देशाचे कृषिमंत्रिपद सांभाळले आणि 1965 साली ते गेले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात 1969 च्या ऑक्टोबरात सुरू झाले. नागपूरला 1985 साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय केंद्र झाले. दोन्हींनी भर दिला तो बागेवर, म्हणजे वाण, खुंट, रोग, पाणी यांवर. ते बरोबरच होते, कारण झाड मेले तर बाकी कशालाच अर्थ नाही. पण झाडाखाली पडलेल्या फळाचा प्रश्न कायम मागे पडला. नागपुरात संत्रा उत्पादकांच्या संघटनेतून उभा राहिलेला नोगा हा फळप्रक्रियेचा उद्योग पुढे राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. त्याचे जॅम, सरबते, केचप घराघरांत पोचले, पण लाखभर हेक्टरांवरच्या पिकाच्या मानाने हे काम लहानच राहिले. अलीकडे बांगलादेशाने आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले आणि आपल्या संत्र्याचा मोठा परदेशी गिऱ्हाईक हातचा गेला. तेव्हा या उणिवेची झळ पुन्हा बसली.

मग चुरीवर काळी बुरशी सोडून सायट्रिक ॲसिड का काढू नये? दरवर्षी कोणत्या ना कोणत्या बैठकीत हा प्रश्न निघतो आणि टाळ्या घेऊन जातो. त्याचे उत्तर आकड्यांत द्यायला हवे.

टनभर चुरी घ्या. चारशे ते साडेचारशे किलो रस निघेल. पिकलेल्या नागपुरी संत्र्याच्या रसात विरघळलेला गोडवा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे साखर मिळाली चाळीस-पंचेचाळीस किलो. बुरशीने चांगले काम केले तर तिच्यापासून तीस किलोच्या जवळ आम्ल हाती येईल. आता टनभर मळी पाहा. तिच्यात साखर असते जवळपास निम्मी, पाचशे किलो. संत्र्याच्या टनामागे आपण मुख्यतः पाणी वाहतो आणि पाणीच आटवतो. ऑगस्टमध्ये गळलेले फळ तर अजून कच्चे असते, त्यात साखर आणखी कमी. शिवाय रसात लोह-मँगनीज नैसर्गिकच असते. ते काढल्याशिवाय बुरशी मनासारखे आम्ल देत नाही. सालीतले तेल रसात उतरले तर बुरशी गुदमरते. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, कारखाना बारा महिन्यांचा. आणि समोर उभा आहे मका आणि कंदांच्या पिठावर चालणारा चीनचा महाकाय उद्योग, ज्याचे आम्ल आज भारतभर येते. रसावर चालणारा सायट्रिक ॲसिडचा कारखाना मोर्शीत उभारणे म्हणजे शेतकऱ्याचे भांडवल बुडवणे होय. हे स्पष्ट बोलले पाहिजे.

पण हिशेब इथे संपत नाही. रस काढल्यावर फळाच्या वजनाचा निम्मा भाग चोथा उरतो : साल, पांढरा गर, बिया. नागपूरच्या मिहानमध्ये मार्च 2025 मध्ये पतंजलीचा संत्रा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला 800 टन सांगितली गेली. तो पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला चारेकशे टन ओला चोथा निघेल. असे प्रकल्प वाढतील तसा चोथाही वाढेल, आणि या चोथ्यावर बुरशी कशी चालते ते जगात तपासून झाले आहे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात सफरचंदाच्या चोथ्यावर काळी बुरशी वाढवून सायट्रिक आम्ल काढले. त्यात थोडे मिथेनॉल घातले की उत्पन्न वाढते, ही गोष्ट ॲण्ड्र्यू मॉयर याने 1953 सालीच नोंदवली होती. पेनिसिलिनच्या कामातला पिओरियाचा मॉयर तो हाच. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत शंकरानंद आणि लोनसाने यांनी 1990 च्या दशकात उसाच्या प्रेसमडवर आणि कॉफीच्या टरफलांवर हेच केले. ताटातल्या पाण्याऐवजी ओलसर भुश्श्यावर बुरशी वाढवायची ही रीत जपानी कोजीची, म्हणजे शिजवलेल्या धान्यावर बुरशी धरवण्याची, कित्येक शतकांची. हिच्यात पाणी कमी लागते, सांडपाणी कमी निघते आणि धातूंचा जाच पाण्यातल्या पद्धतीइतका होत नाही. स्पेनमधल्या एका गटाने 2011 साली संत्र्याच्या सालीवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. कोरड्या सालीच्या प्रत्येक ग्रॅममागे 190 मिलिग्रॅमच्या वर आम्ल मिळाले, तेही चार दिवसांच्या आत.

हा आकडा वऱ्हाडाच्या मापात बसवून पाहू. ओल्या सालीत पाणी ऐंशी टक्के धरले तर टनभर ओल्या सालीत कोरडा भाग दोनशे किलो. प्रयोगशाळेच्या दराने त्यातून निघेल अडतीस किलो आम्ल. कारखान्यात इतके हाती येणार नाही, हे गृहीत धरू. तरीही रस विकून झाल्यावर उरलेला चोथा, अख्ख्या फळाचा रस नासवून जितके आम्ल मिळाले असते, त्याच्या निम्म्याच्या आसपास देऊ शकतो. शिवाय चोथ्याचे तेल आधी काढावेच लागते, नाहीतर बुरशी चालत नाही, आणि त्या तेलाला बाजार आहे. सिसिलीच्या बागायतदाराचा क्रम हाच होता : आधी तेल, मग आम्ल.

अकोल्याची गोष्ट निराळी आहे. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडे कागदी लिंबू आहे. कृषी विद्यापीठाने ‘पीडीकेव्ही बहार’ आणि ‘पीडीकेव्ही चक्रधर’ हे त्याचे वाण दिले. उन्हाळ्यात लिंबाला जो भाव येतो त्यासाठी शेतकरी हस्त बहार साधायला जिवाचा आटापिटा करतो, कारण पावसाळ्यात माल उतू जातो आणि पोत्याला भाव उरत नाही. आता कागदी लिंबाचा रस पाहा : त्यात आम्ल सात टक्क्यांच्या घरात असते आणि फळातून रस पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत निघतो. टनामागे तीस किलो आम्ल. संत्र्याच्या रसावर बुरशी दहा दिवस राबवून जेवढे मिळते तेवढे इथे झाडाने आधीच तयार करून ठेवले आहे. त्याला बुरशी लागत नाही, निर्जंतुक खोली लागत नाही. शेलेचा खडू पुरतो. पावसाळ्यातल्या पडत्या भावाच्या लिंबाचे गावातच सायट्रेट करून ठेवले तर ते वर्षभर टिकेल. औषधांत आणि खाद्यपदार्थांत कॅल्शियम देण्यासाठी सायट्रेट स्वतःच वापरले जाते, म्हणून ते पुढे आम्लात बदलायचीही प्रत्येक वेळी गरज नाही. अन्नाच्या दर्जाची शुद्धता मात्र राखावी लागेल, आणि ती चाचणीशिवाय येत नाही.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. कुठलीही काळी बुरशी उचलून चोथ्यावर टाकायची नसते. या कुळातले काही वाण विषारी द्रव्येही तयार करतात आणि बीजाणूंची धूळ फुफ्फुसाला त्रास देते. तपासलेला, नोंदलेला वाण, बंद खोली, तोंडावर मुखवटा आणि तयार मालाची तपासणी, यांच्याशिवाय हे काम कोणी घरी करू नये. बांधावर कुजणाऱ्या ढिगाचे तर खतच करावे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या सूक्ष्मजीव विभागाने नागपुरी संत्र्याच्या चोथ्यावर, आपल्याच हवामानात, एका हंगामाची चाचणी टनांच्या मापात घ्यावी आणि तिचे आकडे मराठीत छापावेत : किती चोथा, किती तेल, किती आम्ल, किती वीज, किती खर्च. पातूर-बाळापूरच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने पावसाळी लिंबाच्या सायट्रेटची लहान भट्टी लावून त्याचा हिशेब गावापुढे मांडावा. आणि संत्रा उत्पादकांनो, प्रक्रिया कारखान्याशी करार करताना फळाच्या भावासोबत चोथ्याचा हक्क कोणाचा, हे लिहून घ्या. आज तो कचरा म्हणून कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतो. तो कचरा नाही, हे समजायला जगाला शंभर वर्षे लागली, आपल्याला आणखी शंभर लागू देऊ नका.